इन्फ्ल्युएन्झा : घरगुती व औषधी उपचार

इन्फ्ल्युएन्झा अथवा फ्लू हा श्वसनमार्गाचा तीव्र सांसर्गिक रोग विषाणुजन्य असून एकाएकी चढणारा ज्वर, शिरःशूल, सर्वांगाचा ठणका, कोरडा खोकला व पराकाष्ठेचा थकवा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. मनुष्यास होणाऱ्या या रोगाचा विषाणू १९३३ साली स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी लंडन येथे फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला. तत्पूर्वी, १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरून हिंदुस्थानात सव्वा कोटी वा त्याहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या महासाथीत, क्विनीनपासून अ‍ॅस्पिरिनपर्यंत हाताशी असेल ते देऊन पाहण्यावाचून चिकित्सकांना गत्यंतर नव्हते.

धडधाकट माणसाचा ज्वर बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतो आणि त्या अवधीत जो इलाज चालू असेल त्यालाच गुणाचे श्रेय मिळते. घरगुती उपचारांची पारख करताना ही बाब प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

महाराष्ट्रात तुळस, गवती चहा, आले वा सुंठ, मिरी व ज्येष्ठमध यांचा, पाणी आटवून चतुर्थांश उरवलेला काढा देण्याचा प्रघात आहे. त्याने घशास शेक मिळतो, घाम येऊन अंग हलके वाटते व पोटात पाणी जाते; विषाणूवर मात्र त्याचा अंमल चालल्याचे सिद्ध झालेले नाही. तापात तोंडाची चव गेलेल्या रोग्यास पेज, मऊ भात-मेतकूट वा मुगाचे कढण देण्याची रीतही विश्रांती व द्रवसेवन या मूलभूत उपचारांशी सुसंगत अशीच आहे. मधाने खोकल्याची ढास काहीशी कमी होते. तथापि एक वर्षाखालील बालकास तो देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम ही घातक विषबाधा संभवते. अडुळशाची पाने वाफवून काढलेला रस मधातून देतात. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या धर्तीवरच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन तयार झाले. मात्र अडुळसा गर्भवतीस वर्ज्य होय. वाफाऱ्यासाठी ठेवलेल्या उकळत्या पाण्याच्या भांड्याने मुले भाजण्याचे, तसेच त्यात घालावयाचे निलगिरी तेल वा कापूर पोटात गेल्याने विषबाधा झाल्याचे दाखले असल्यामुळे वाफारा घेताना विशेष खबरदारी आवश्यक ठरते.

ज्वर व ठणका यांवर पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत दिले जाते. मुलांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्याचा यकृत व मेंदू यांस ग्रासणाऱ्या राय लक्षणसमूहाशी संबंध आढळला आहे. प्रतिजैविके विषाणूवर निरुपयोगी असून जंतुजन्य न्यूमोनिया उद्भवल्यासच ती योजावयाची असतात. १९९९ पासून प्रचारात असलेले ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधक औषध पेशींतून नव्या विषाणूंची सुटका रोखते आणि लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास आजार सुमारे एक दिवसाने आखडतो. त्याच्या निर्मितीस लागणारे शिकिमिक अम्ल मसाल्यातील बाद्यानापासून मिळवीत; परंतु अम्लापासून औषधापर्यंत रासायनिक संस्कारांची मोठी साखळी असल्याने बाद्यान चघळून वा त्याचा काढा पिऊन तो गुण येत नाही.

विषाणू सतत पालटत असल्याने प्रतिबंधक लस दरवर्षी नव्याने टोचून घ्यावी लागते. धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास, त्याचप्रमाणे रोगी वृद्ध, गर्भवती, तान्हे मूल अथवा दमा, मधुमेह वा हृद्‌रोग यांनी ग्रस्त असल्यास, घरगुती उपचारांवर विसंबून न राहता त्वरित वैद्यकीय साहाय्य घ्यावे.