एका 'आर'चा कारागीर

पिस्तूल तुमच्या तळहातावर ठेवलं जातं आणि तुमचा पहिलाच अंदाज चुकतो. काचेआड ते चांगलं जड वाटलं होतं. हातात आलं तर जेमतेम पाव किलो, लांबीला सहा इंचांच्या आत. पेनसिल्व्हेनियातल्या एका लिलावघराची मागची खोली. टेबलावर हिरवी बनात, तुमच्या हातात सुती मोजे. अक्रोडाच्या मुठीवर पकडीसाठी बारीक चौकडी कोरलेली आहे, आणि तळवा जिथे टेकतो तिथे ती झिजून गुळगुळीत झाली आहे. कुणीतरी हे वर्षानुवर्षं बाळगलं होतं.

घोड्यामागच्या पोलादी पट्टीवर तुम्ही भिंग आणता. ठशाच्या दोन ओळी. वर 'डेरिंजर', खाली फिलाडेल्फियाचं छाटलेलं रूप, त्यातला शेवटचा 'ए' इवलासा, ओळीच्या वर टांगलेला. तुम्ही रोमन अक्षरं एकेक करून वाचता आणि मधले 'आर' मोजता. एकच आहे. जीव भांड्यात पडतो.

भिंग खाली घेता तेव्हा खोलीत विजेचा दिवा नाही.

साल 1856. फिलाडेल्फियातला नॉर्थ फ्रंट स्ट्रीट, पलीकडे डेलावेअर नदी. कानशी चालल्याचा आवाज येतोय आणि जवसाच्या तेलाचा वास. या कारखान्याचा मालक हेन्री डेरिंजर आता सत्तरीचा आहे. बंदुका घडवणाऱ्या जर्मन बापाच्या पोटी ईस्टनला जन्मला, 1806 मध्ये या शहरात आला. सैन्यासाठी लांब रायफली केल्या, मूळ अमेरिकी जमातींना सरकार ज्या रायफली देई त्याही केल्या. अलीकडे मात्र गिऱ्हाईक येतं ते खिशातल्या या चिमुकल्या पिस्तुलासाठी.

खिडकीपाशी बसलेल्या कारागिराजवळ तुम्ही उभे राहता. तो चापाची कळ लाकडात बसवतोय. दिव्यावर धरून पट्टीच्या मागच्या अंगाला काजळी घेतो, पट्टी लाकडातल्या खाचेत दाबतो, उचलतो. खाचेत जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अजून उंच आहे. छिन्नीने तेवढाच पापुद्रा काढतो, कांद्याच्या सालीइतका. परत काजळी, परत दाब, परत एक पापुद्रा. तुम्ही मोजायला लागता आणि विसाच्या पुढे नाद सोडता. शेवटी पट्टी आत जाते आणि लाकूड कुठे संपलं, पोलाद कुठे सुरू झालं ते नखाला कळत नाही. संग्राहक म्हणवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. किंमत पुढे लिलावात ठरते, पण मोल इथे ठरलेलं असतं.

"दुसरं कुठे आहे?" तुम्ही विचारता, कारण त्याच्या पुढ्यात आणखी एक तसाच दस्ता पडलाय.

"हेच की दुसरं," तो मान वर न करता म्हणतो. "एकटं कोण घेईल?"

खरंच आहे. ही ठासणीची पिस्तुलं. नळीच्या तोंडातून दारू, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी, वरून गज. मागच्या नळकुंडीवर तांब्याची केप चढवायची. घोडा केपेवर आपटला की बार उडतो, आणि एका बारात काम संपतं. परत ठासायला समोरचा माणूस थोडाच सवड देणार? म्हणून जोडी. डेरिंजरच्याच हिशेबाप्रमाणे 1856 ते 1865 या काळात त्याने 5,280 जोड्या विकल्या.

त्यातल्या कितीतरी कॅलिफोर्नियाला जातात. सोनं सापडल्यापासून तिकडे ज्याच्या खिशात पैसा त्याच्या खिशात पिस्तूल. तुम्हीही त्यांच्यामागे सॅन फ्रान्सिस्कोला पोचता. दुकानदार गादीवर दोन पिस्तुलं मांडतो. दोन्हींना अक्रोडाची मूठ, दोन्हींवर जर्मन सिल्व्हरची नक्षी, नळीवर त्याच तांबूस रेघा, तोच ठसा. एक म्हाताऱ्याच्या कारखान्यातलं आहे. दुसरं स्लॉटर आणि कंपनीचं, म्हणजे त्याच्याकडून बाहेर पडलेल्या कारागिरांचं. हात तेच असल्यावर फरक कुठून दिसणार? जॉन डेरिंजर नावाचा एक शिंपी तर निव्वळ त्याच्या आडनावासाठी या धंद्यात ओढला गेला.

डेरिंजरने या पिस्तुलाचं पेटंट कधी घेतलंच नव्हतं. त्याच्या हक्काचं उरलं होतं ते फक्त नाव. त्या नावासाठी तो नकली माल विकणाऱ्या प्लेट नावाच्या दुकानदाराशी कॅलिफोर्नियात कोर्टात लढला. 1865 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारागिराचा आपल्या ठशावरचा हक्क नोंदणीच्या कायद्यामुळे जन्माला येत नाही, तो आधीपासूनच त्याचा असतो. ते वाचून मला म्हाताऱ्याइतकाच आनंद होतो.

पण त्याच वर्षीची 14 एप्रिलची रात्र. वॉशिंग्टनमधलं फोर्ड्स थिएटर. दहा वाजून गेलेत, प्रेक्षक हसताहेत. तुम्हाला ओरडायचं असतं, पण तुम्ही इथे केवळ बघायला आला आहात. एक बार होतो. पिस्तुलात दुसरी गोळी नाही, म्हणून जॉन विल्क्स बूथ ते टाकून देतो आणि राष्ट्राध्यक्षांच्या बॉक्समधल्या मेजर रॅथबोनवर सुरा चालवतो. सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी अब्राहम लिंकन गेले. वर्तमानपत्रांनी हत्याराचं नाव छापताना जागोजागी मधला 'आर' दोनदा घातला आणि तेच रूढ झालं. रेमिंग्टनचं दोन नळ्यांचं पिस्तूल 1866 पासून 1935 पर्यंत निघालं, तेही 'डेरिंजर'च, दोन 'आर'चं. कोर्टाने ज्या माणसाला त्याचं नाव परत दिलं, त्याच्या हातून ते असं गेलं. 1868 मध्ये तो वारला.

बूथचं ते पिस्तूल आजही फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात आहे. मधे कुणीतरी ते बदलून नकली ठेवल्याचा वहीम आला, तेव्हा 1997 मध्ये एफबीआयने ते तपासलं. ठसा बघून काय कळणार, ठसे तर नकलांवरही होते. त्यांनी 1930 च्या दशकातले फोटो बाहेर काढले आणि लाकडातला रेषांचा भोवरा नि दस्त्यावरची भेग ताडून पाहिली. जुळली. पिस्तूल अस्सल ठरलं ते अक्रोडाच्या झाडामुळे.

तुम्ही परत बनातीच्या टेबलाशी. विजेचा दिवा, सुती मोजे. यादीत या पिस्तुलापुढे लिहिलंय, 'एकटं'. त्याचा जोडीदार कुठल्या ट्रंकेत, कुठल्या नदीच्या गाळात आहे देव जाणे. तुम्ही लिलावघराच्या जाणकाराला विनंती करता. तो बारीक पेचकसाने स्क्रू सोडवतो आणि पट्टी अलगद उचलून बाजूला ठेवतो. तुम्ही ठशाकडे आता बघतही नाही. भिंग रिकाम्या खाचेवर नेता. लाकूड जुन्या तेलाने काळपट पडलंय, पण एका कोपऱ्यात, जिथे छिन्नी जेमतेम पोचली असेल, तिथे त्याहून गडद असा डाग आहे, नखाएवढा. तुम्ही श्वास रोखून धरता, काजळी उडून जाईल म्हणून.