बॅटरी अधूनमधून उतरणे (जुनी वाहने)

चावी काढलेली, दिवे बंद, तरीही सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. पुढचे आठ दिवस मात्र काहीच तक्रार नसते आणि मग पुन्हा एका रात्रीत बॅटरी बसते, अशा बिघाडाची ही नोंद आहे. उभ्या गाडीत कुठेतरी करंट वाहत राहतो, पण सतत नाही. गॅरेजमध्ये गाडी नेली की तो नेमका थांबलेला असतो. त्यामुळे बहुतेक वेळा दोष बॅटरीवर ढकलला जातो, नवी बॅटरी बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत तीही बसते. काही हजार रुपयांचा हा भुर्दंड टाळता येण्याजोगा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात (नोंदणी क्रमांक एमएच २९) या तक्रारीला खास स्थानिक कारणे आहेत. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे मारुती ८०० (१९८३ पासून), टाटा सुमो (१९९४), पहिल्या काळातल्या बोलेरो (२०००) आणि त्याआधीच्या महिंद्रा जीप अजून रस्त्यावर दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्या शेतीच्या हंगामाप्रमाणे चालतात. कापूस निघाला की रोज फेऱ्या, आणि आषाढ-श्रावणात चिखलामुळे आठ-आठ दिवस गाडी गोठ्याशेजारी उभी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात सगळे ओलसर असते आणि वणीच्या कोळसापट्ट्यात बाराही महिने धूळ. ऊन, ओल आणि हादरे ही अधूनमधून उद्‌भवणाऱ्या दोषाची तीन मुख्य कारणे आहेत. म्हणून मीटर हातात घेण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारावा: बॅटरी उतरली त्याच्या आदल्या दिवशी गाडी कशी आणि कुठे होती? लांब पल्ल्यावरून तापून आली होती, पावसात भिजली होती, की नुसती उभी होती? उत्तरावरून निम्मी दिशा ठरते.

आधी वगळायच्या गोष्टी. शिसे-आम्ल बॅटरी (गास्तों प्लांते, १८५९) स्वतःही थोडी-थोडी रिकामी होत असते आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी. पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल रात्रभर काढून ठेवावे. तरीही व्होल्टेज बरेच पडले तर दोष बॅटरीतच आहे, एखादा सेल गेलेला आहे. टिकले, तर करंट गाडी खाते आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर बॅटरी भरतच नाही. अशा वेळी पट्टा ढिला आहे का, ऑल्टरनेटर आणि रेग्युलेटर ठीक आहेत का ते पाहावे. हे दोन मुद्दे निकालात काढल्याशिवाय वायरिंग उसवू नये.

किती करंट चालतो? इलेक्ट्रॉनिक भाग नसलेल्या जुन्या गाडीत तो शून्याजवळ असावा. घड्याळ आणि टेपची मेमरी धरून ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तासही नाही. केबिनचा ५ वॉटचा बल्ब पेटून राहिला तर ०.४ अँपिअर, दिवसाला १० अँपिअर-तास. मारुतीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याहून अधिक रिकामी होते. दोन्ही ब्रेक लाइट (२१ वॉटचे दोन बल्ब) पेटून राहिले तर साडेतीन अँपिअर, आणि जीपची ६० अँपिअर-तासांची बॅटरीसुद्धा सकाळपर्यंत निम्मी होते. हा हिशेब फार उपयोगी पडतो. एका रात्रीत बसणारी बॅटरी आणि चार दिवसांनी बसणारी बॅटरी यांचे चोर वेगळे असतात.

उन्हाचा दोष: ऑल्टरनेटरचे डायोड. जिल्ह्यातल्या गॅरेजांत ऑल्टरनेटरलाही अजून ‘डायनमो’च म्हणतात. त्याच्या मागच्या झाकणाखाली सहा मुख्य डायोड असतात. ते करंट बॅटरीकडे जाऊ देतात आणि परतीची वाट अडवतात. सिलिकॉन डायोडमधून उलटा झिरपणारा करंट तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. चांगल्या डायोडमध्ये तो तापल्यावरही नगण्य राहतो. अर्धवट निकामी डायोड थंड असताना सभ्य वागतो आणि तापला की बॅटरी उलटी रिकामी करू लागतो. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूरला जाऊन आलेली गाडी संध्याकाळी दारात उभी राहते, तेव्हा बॉनेटखाली सगळे भाजत असते. गळती तेव्हाच सुरू होते. सकाळी गॅरेजवाला मीटर लावतो तोवर ऑल्टरनेटर निवलेला असतो आणि मीटर काहीच दाखवत नाही. जिल्ह्यातल्या अनेक ‘न सापडणाऱ्या’ दोषांचा पहिला संशयित म्हणून यालाच धरावे.

याची खूण सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन पार गार झालेले असताना ऑल्टरनेटरच्या मागच्या बाजूला पालथा हात लावावा. तो भाग कोमट लागला तर रात्रभर त्यातून करंट वाहिला आहे. इंजिन चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, किंवा रात्री चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटलेला दिसला, तरी डायोडवरच बोट ठेवावे. खात्रीसाठी आधी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, मग ऑल्टरनेटरची जाड तार सोडवून टेपने गुंडाळावी, टर्मिनल पुन्हा जोडून करंट मोजावा. ही तार बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज बॉक्समधून जातच नाही. म्हणून सगळे फ्यूज काढूनही गळती चालू राहिली, तर इथेच यावे.

डायोड मरण्यामागे पुष्कळदा एक जुनी सवय असते. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी बंद पडते का ते पाहायचे. खऱ्या डायनमोच्या जमान्यातली ही रीत ऑल्टरनेटरच्या गाडीत घातक ठरते. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि डायोड किंवा रेग्युलेटर जखमी होतो. ही तपासणी कायमची बंद झाली पाहिजे.

ज्या फार जुन्या जीप आणि ट्रॅक्टरवर अजून खरा डायनमो आहे, तिथे डायोडची जागा ‘कटाऊट’ घेतो. त्याचे संपर्कबिंदू जळून चिकटले की बॅटरी डायनमोलाच मोटर समजून चालवू पाहते. करंट इतका मोठा असतो की काही तासांत खेळ आटोपतो.

ब्रेक लाइटचा स्विच. बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइटला चावीशिवाय करंट मिळतो, त्यामुळे हा स्विच अडकला की गाडी उभी असतानाही मागचे दिवे पेटतात. पेडलजवळच्या स्विचचे रबरी बटण झिजते किंवा पेडलची स्प्रिंग मंदावते. पायाने पेडल वर उचलताच दिवे विझतात. जुन्या जीपमध्ये स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो. पेडलला मोकळी चाल ठेवलेली नसेल तर तापलेले तेल फुगते, दाब सुटत नाही आणि स्विच जोडलेलाच राहतो. तेल निवले की दिवे आपोआप जातात. अशा गाडीचे ब्रेकही थोडे धरून राहतात, म्हणून चाकाचा ड्रम अवाजवी तापला आहे का तेही पाहावे. दिवसा उजेडात पेटलेला दिवा लक्षात येत नाही. अंधार पडल्यावर गाडीमागे भिंत असेल तिथे उभी करावी.

ओल आणि धूळ. बॅटरीच्या झाकणावर आम्लाचा अंश आणि धूळ मिळून ओलसर थर बसतो आणि त्यातूनच एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे करंट झिरपतो. मीटरची काळी पिन ऋण टर्मिनलवर ठेवून लाल पिन झाकणावर फिरवली आणि व्होल्ट दिसले, की थर आहे. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा कोरड्या दिवसांत त्रास देत नाहीत, भिजल्यावर देतात. मात्र चावी बंद असताना ज्या तारांत करंट असतो, त्याच तपासायच्या. बाकीचे वायरिंग कितीही कळकट दिसले तरी ते गुन्हेगार नाही.

नंतर बसवलेल्या वस्तू. टेपचा ॲम्प्लिफायर, म्युझिकल हॉर्न, फॉग लॅम्प, सेंट्रल लॉक आणि जीपीएस यांच्या तारा अनेकदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात, कधी फ्यूजशिवायही. कंपनीच्या नकाशात त्या नसल्यामुळे आधी त्यांची यादी मालकाकडून घ्यावी. डिझेल गाडीत हीटर प्लगचा रिले चिकटतो का, हेही याच वेळी पाहावे.

पकडण्याची रीत. मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून ऋण टर्मिनल आणि तार यांच्यामध्ये जोडतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. लांबचा प्रवास करून आल्यावर लगेच एक मोजणी, सकाळी दुसरी. दोन आकड्यांतला फरक उष्णतेचा दोष उघड करतो. फ्यूज एकेक काढण्याची पद्धत अधूनमधूनच्या दोषात फसवते, कारण हात लागताच सैल संपर्क जागेवर येतो. त्यापेक्षा फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजावे. तिथे दोन-तीन मिलिव्होल्टही दिसले तर त्या फ्यूजमधून करंट जातो आहे.

मीटर रात्रभर अडकवून ठेवणे शक्य नसते. तिथे वायरिंगवाल्यांचा टेस्ट बल्ब कामी येतो. छोटा १२ व्होल्टचा बल्ब ऋण तारेच्या वाटेत जोडून जिथून नजर जाईल तिथे ठेवायचा. तो पेटला की चोर हजर आहे. लगेच वायरिंगचा गठ्ठा हलवावा, दरवाजे दाबून पाहावेत, रिलेवर बोट ठेवावे. या पद्धतीला मर्यादा आहे. बल्ब स्वतःच करंट रोखत असल्याने एखादा रिले सुटून दोष लपू शकतो, आणि फार बारीक गळतीवर बल्ब पेटत नाही.

दोष सापडून दुरुस्त झाल्यावर बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी. अर्धवट रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग गळती नसतानाही ती बसते. चार्ज करताना हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको. टर्मिनल काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. कट-ऑफ स्विच बसवला की हंगामाबाहेर उभ्या राहणाऱ्या जीपची बॅटरी वाचते, मूळ दोष मात्र तसाच राहतो. फ्यूजशिवायच्या तारेत तो असेल, तर गाडी चालू असताना तीच तार पेटू शकते.