रेघांच्या जोडीची कसोटी

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. रुग्णाचा हा पहिलाच स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने मेंदूच्या छेदाचे चित्र ८० × ८० चौकटींत मांडले. एकेक चौकट सुमारे ३ मिलिमीटरची. तरीही कवटी न उघडता गाठ दिसली!

पण अशा यंत्राला किती बारीक दिसते? चौकटी लहान केल्या की झाले, असे आपल्याला वाटेल. मात्र क्ष-किरणांचा उगम आणि ते टिपणारा संवेदक यांनाही रुंदी असते. तिच्यामुळे कडा पुसट होतात. म्हणून यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. प्लास्टिकच्या ठोकळ्यात धातूच्या पट्ट्या बसवून त्याचा स्कॅन घेतात. एक पट्टी व तेवढीच फट मिळून एक जोडी. जोड्या क्रमाने अरुंद होत जातात. जिथे पट्ट्या एकमेकींत मिसळतात, तिथे यंत्राची मर्यादा आली. सेंटिमीटरला १० जोड्या सुट्या दिसल्या, तर प्रत्येक पट्टी अर्ध्या मिलिमीटरची. जोडीला किमान दोन चौकटी हव्यात. म्हणजे १९७१ च्या चित्रात सेंटिमीटरला दोन जोड्याही मावल्या नसत्या.

‘गाठ दिसली नाही’ आणि ‘गाठ नाही’ यांत फरक आहे. तो किती मिलिमीटरांचा, हे या पट्ट्यांवरून आपल्याला कळते.