माढ्याचीं चार पिस्तुलें व खर्ड्याची आठवण

जुन्या वाड्यांतून दप्तरें शोधतांना संशोधकांस शस्त्रेंही भेटतात. तलवार, पट्टा, ढाल, बिचवा यांविषयीं आपल्याकडे बरेंच लिहिलें गेलें आहे. मूठ पाहून घडणीचा काळ सांगणारे जाणतेही आहेत. परंतु पिस्तूल पुढें आलें म्हणजे घरचे वडील सांगतील तें टिपून घेऊन आपण मोकळे होतों. तीनशें वर्षांच्या कागदाची शाई, वळण, शिक्का व कालगणना तपासल्यावांचून जो त्यावर विश्वास ठेवीत नाहीं, तोच संशोधक लोखंडाच्या तुकड्याविषयींची कोणतीही हकीकत खरी मानतो, हें चमत्कारिक आहे. हा प्रमाद आमच्या हातूनही घडलेला आहे. म्हणून माढ्यास जें पाहिलें तें येथें नमूद करितों.

माढा हें सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. रावरंभा निंबाळकरांची गढी आणि त्यांनींच बांधिलेलें माढेश्वरीचें देवालय या दोहोंमुळें तें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. निंबाळकरांची ही शाखा निजामाच्या पदरची. करमाळ्याचें कमलाभवानीचें देवालयही याच घराण्याचें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

गेल्या हिवाळ्यांत तेथील एका वाड्यांत शस्त्रांचे चारपांच शौकीन जमले होते. ज्याच्या त्याच्या आवडीचें शस्त्र तेवढें चांगलें, असा वाद दुपारभर चालला. कोणी कोल्टच्या रिव्हॉल्वरची तरफदारी करी; त्या अमेरिकन कारखानदारानें इ. स. १८५३ मध्यें लंडनासही कारखाना काढिला होता व तो तीनचार वर्षांतच बंद पडला, त्यामुळें लंडनच्या छापेचें कोल्ट दुर्मिळ, असें त्यांचें म्हणणें. दुसरे म्हणत, तोल पाहावा तर वेब्लीचा. यजमान वृद्ध आहेत. सर्वजण त्यांस आबा म्हणतात. ते वादांत पडले नाहींत. त्यांनीं आंतून लाल खारव्याचें एक गाठोडें आणून बैठकीवर ठेविलें व एवढेंच म्हणाले, "हें खर्ड्याचें."

गाठोड्यांत चकमकीचें एक मोठें पिस्तूल होतें. नळी सुमारें नऊ इंच, दस्ता अक्रोडाच्या लांकडाचा, बुडाशीं पितळेची टोपी. गज नळीखालीं बिजागरीनें जखडलेला होता. घोड्यावर बसून दारू ठासतांना गज हातांतून निसटूं नये म्हणून ही योजना असते. तेव्हां शस्त्र स्वाराचें, याविषयीं शंका नाहीं. घरची समजूत अशी कीं, आबांच्या एका पूर्वजानें खर्ड्याच्या लढाईंत निजामाच्या कोणा सरदारास पाडून हें हस्तगत केलें. कळीच्या पट्टीवर एक जनावर कोरलेलें आहे. घरांत त्यास वाघ म्हणतात. वाघावरून जमलेल्यांपैकीं एकानें हें टिपूचें ठरविलें व तें पुढें निजामाकडे गेलें असावें, अशी पुस्तीही जोडली.

आम्हीं भिंग लावून पाहिलें. तो वाघ नव्हे; मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पंजांत मुकुट धरणारा सिंह आहे. टिपूच्या शस्त्रांवर वाघाचे पट्टे कोरलेले असतात, आणि त्याच्या पिस्तुलांच्या जोडींत एकाची कळ उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे असते, ही त्याची खूण प्रसिद्ध आहे. मुकुटधारी सिंह ही इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची छाप. त्यापूर्वीं कंपनीच्या शस्त्रांवर बदामाची आकृति असे. तिचे चार भाग करून त्यांत व्ही, ई, आय, सी हीं अक्षरें व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह. बदाम जाऊन सिंह आला तो इ. स. १८०८ मध्यें. खर्ड्याची लढाई झाली ११ मार्च १७९५ रोजीं. म्हणजे लढाईनंतर निदान तेरा वर्षें या पिस्तुलाचा जन्मच झालेला नव्हता. कळ मागाहून बदलली असेल, अशी शंका कोणी काढील. परंतु पट्टीची खांच दस्त्यांत नेमकी बसलेली आहे व पेंचांचीं भोकें एकदांच पाडलेलीं आहेत.

दुसरी अडचण याहून नाजूक. खर्ड्यास कंपनीचें सैन्य लढलेंच नाहीं. गव्हर्नर जनरल शोर यानें तटस्थ राहण्याचें ठरविलें होतें. निजामाकडे होत्या त्या रेमंडच्या फ्रेंच शिस्तीच्या पलटणी, आणि आपल्या बाजूस शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ. शिवाय माढ्याचे धनी निंबाळकर निजामाच्या पदरचे, हें वर सांगितलेंच आहे. माढ्यांतला शिपाई खर्ड्यावर कोणत्या बाजूनें उभा होता, हा प्रश्न पिस्तुलाच्या आधीं विचारावयास हवा होता. तो शंभर वर्षांत कोणी विचारिला नाहीं. आम्हींही पहिल्या भेटींत विचारिला नव्हता.

मग तें आलें कोठून? खर्ड्याहून जवळचें व काळानेंही जुळणारें एक रणक्षेत्र आहे. मोहोळ तालुक्यांतील आष्टी माढ्याहून फार दूर नाहीं. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं तेथें जनरल स्मिथच्या घोडदळानें दुसऱ्या बाजीरावास गांठलें. बाजीराव निसटला; बापू गोखले मागें राहून लढतां लढतां पडले, आणि छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. ती लढाई मुख्यतः स्वारांची. गोऱ्या ड्रॅगुनांबरोबर मद्रासचे देशी रिसाले होते, आणि हे रिसाले कंपनीचे, म्हणून हत्यारेंही कंपनीचीं. खोगिराच्या पुढल्या अंगास चामड्याच्या म्यानांत जीं पिस्तुलें ते बाळगीत, त्यांच्याच जातीचें आबांचें पिस्तूल आहे. खुद्द स्मिथच्या डोक्यास तलवारीची जखम झाली, यावरून गोखल्यांच्या स्वारांनीं किती जवळ जाऊन हात चालविला तें दिसतें. अशा झटापटींत स्वार पडतात, आणि त्यांचीं हत्यारें मराठी हातांत येतात. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मन्रोनें सोलापूर घेतलें, त्या वेळीं पेशव्यांच्या फौजेचा पाठलाग झाला. तोही प्रसंग विचारांत घेण्याजोगा आहे. तिसरा संभव अगदींच नीरस: पुढें कधीं तरी मोडींत निघालेलें हत्यार कोणी चार रुपयांस विकत घेतलें असेल.

या तिहींपैकीं कोणता खरा, हें सांगूं शकले असते ते त्या घरचे कागद. वाटणीची याद, एखादें कैफियतपत्र, निदान शस्त्रांची मोजदाद. चौकशी करतां कळलें कीं, मोडी रुमाल माळ्यावर होते. उंदीर लागले म्हणून पूर्वींच्या पिढींत ते पाणी तापवावयाच्या बंबांत गेले. लोखंड जपलें व कागद जाळला. दोन्ही एकाच माळ्यावर होतीं.

दुसरें पिस्तूल लहान, टोपीचें. दारूस बाहेरून रंजक न देतां तांब्याच्या टोपींतील स्फोटक पदार्थानें बार काढण्याची ही रीत. तिचें मूळ फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश पाद्र्याच्या १८०७ च्या शोधांत आहे. नळीवर बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे आहेत. तें परीक्षागृह १८१३ मध्यें स्थापन झालें, म्हणून त्याच्या आधींचा काळ बोलण्याचें कारण नाहीं. मालकानें तें पेशवाईंतलें म्हणून दाखविलें. आम्हीं ठसे दाखविले व पुढें गेलों.

तिसऱ्यापाशीं मात्र आम्ही फार वेळ बसलों. तें कोणासच दाखविण्याजोगें वाटत नव्हतें. देशी घडणीचा तमंचा. नळी लोखंडी पट्टी गुंडाळून जोडलेली, तोंडाशीं किंचित् फुगीर, जशी तोड्याच्या लांब बंदुकींची असते. आमच्या मतें एखाद्या फुटक्या बंदुकीची पुढली बाजू कापून कोणा लोहारानें हें तयार केलें. प्रथम तें चकमकीचें होतें. पट्टीवर रंजकाच्या वाटीचे व पोलादी पानाच्या कमानीचे पेंच जेथें होते, तीं भोकें लोखंडानें बुजविलेलीं दिसतात, आणि कानाच्या जागीं पेंचाची डबी बसवून तिजवर टोपी ठेवण्याची नळी उभी केली आहे. एकाच वस्तूंत तीन काळ आहेत, आणि तिन्ही वेळां काम करणारा हात देशी आहे. विलायती छाप नाहीं म्हणून शौकिनांनीं यास हलकें लेखावें, हें आम्हांस मान्य नाहीं. कंपनीचीं पिस्तुलें हजारोंनीं निघालीं; हें एकच आहे. दुर्दैवानें गेल्या वर्षीं कोणा उत्साही माणसानें त्याची नळी काचकागदानें घांसून आरशासारखी केली. तिजवर देवनागरी अक्षरें होतीं असें मालकास आठवतें. कोणतीं, हें आठवत नाहीं. शस्त्राचा गंज उतरवूं पाहणारांस आमची विनंती आहे कीं, कोरडें फडकें व थोडें तेल यापलीकडे जाऊं नये.

चौथें वेब्ली अँड स्कॉटचें ०.३२ इंची रिव्हॉल्वर, आजोबांच्या परवान्यावरचें. तोल उत्तम. आपल्या सरकारी कारखान्याचें ०.३२ चें रिव्हॉल्वर याच घडणीवरून निघालें, हें पाहतां त्याची वंशावळ अद्याप चालू आहे असें म्हणावें लागेल. येथें कायद्याचा विषय निघाला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची धास्ती जुन्या घरांतून अद्यापि गेलेली नाहीं, आणि त्या धास्तीपायीं विहिरींत टाकलेल्या शस्त्रांच्या गोष्टी गांवोगांव ऐकूं येतात. आज चालू आहे तो १९५९ चा कायदा. कालबाह्य ठेवणीचें किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें, आणि दुरुस्त करूनही बार काढण्यास निरुपयोगी असें शस्त्र त्याच्या ४५ व्या कलमानें वगळलें आहे. म्हणून जुनें पिस्तूल कामास येईल असें दुरुस्त करून घेणारा मनुष्य पुरावाही घालवितो व कायद्याचें संरक्षणही. वेब्लीस मात्र ही सवलत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळ तिहींऐवजीं दोनच बंदुका राहूं शकतात, व वारशानें आलेलीही त्यांत मोजली जाते. ज्या घरांत काका, आजोबा व वडील अशा तिघांचीं शस्त्रें एका मुलाकडे येतात, तेथें एक देऊन टाकणें प्राप्त होतें. देण्यापूर्वीं निदान छापांचे ठसे कागदावर उतरून ठेवावेत.

संध्याकाळीं मंडळी उठली. आबा तोंवर गप्प होते. आम्हीं सिंहाची हकीकत सांगितली, तेव्हांही ते कांहीं बोलले नव्हते. निघतांना त्यांनीं विचारिलें, "मग आमचे लोक खर्ड्यास नव्हतेच म्हणतां?" आम्हीं सांगितलें कीं, असतील, पण हें पिस्तूल तेथें नव्हतें. आष्टीचें नांव काढिलें. ते म्हणाले, "आष्टीस तर आपण हरलों." त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. बापू गोखल्यांचें नांव सांगितलें, तें त्यांस ठाऊक होतेंच.

त्यांनीं पिस्तूल पुन्हा खारव्यांत गुंडाळलें. आमच्या वहींत त्यांच्या समक्ष आम्हीं नोंद केली ती अशी: माढा, स्वाराचें चकमकीचें पिस्तूल, कंपनीची सिंहाची छाप, म्हणून इ. स. १८०८ नंतरचें, आष्टीचा संभव, पुरावा नाहीं, घरची समजूत खर्ड्याची. आबांनीं चष्मा लावून ती वाचली, आणि शेवटची ओळ सर्वांत वर घ्यावी असें सांगितलें. ती आम्हीं वर घेतली आहे.