जिमखान्याची मोटार आणि पुढची चाके

मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांसमोरून लहानपणी मी शेकडो वेळा गेलो असेन. आत क्रिकेट चालायचे, बाहेर भेळ. हा शब्द अमेरिकेत, ओहायोतल्या एका ओसाड पार्किंगच्या मैदानात, मोटारींच्या संदर्भात पुन्हा भेटेल अशी कल्पनाही नव्हती. १९९२ च्या एप्रिलमधला तो रविवार. मैदानभर नारिंगी शंकू मांडलेले, तीसचाळीस गाड्या रांगेत उभ्या, आणि हातात नावांची यादी घेतलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मला म्हणाले, "या, जिमखान्यात स्वागत आहे!" माझा रंग पाहून थट्टा करताहेत असे वाटून मी जरा फुरंगटलोच. मग कळले की त्यांच्या तरुणपणी, म्हणजे पन्नास-साठच्या दशकात, इकडचे स्पोर्ट्स कारवाले या खेळाला जिमखानाच म्हणत. ऑटोक्रॉस हे नाव नंतर रूढ झाले. जपानात तर आजही जिमखानाच म्हणतात.

शब्दाचे मूळ घरी आल्यावर शोधले. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा पहिला ठावठिकाणा १८६१ सालच्या रुरकीचा दिला आहे. मात्र शब्द बनवला गेला तो मुंबई इलाख्यात, असा कोशकारांचा कयास आहे. गेंदखान्यातला 'गेंद' इंग्रजी जिम्नॅस्टिक्सला धडकला आणि जिमखाना तयार झाला! बॉम्बे जिमखाना १८७५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांनी खांबांमधून घोडे नागमोडी पळवण्याच्या खेळांना हेच नाव दिले आणि घोड्यांवरून ते मोटारींवर आले. आपल्याकडचा माल विलायतेला जाऊन पक्का होऊन परत यायचा, तसेच हे.

पण मी तिथे शब्दांच्या शोधात गेलो नव्हतो. कारण वेगळे होते, आणि ते सांगायला मला आजही थोडे जड जाते.

१९९१ च्या जानेवारीत आम्ही एका पूजेहून परतत होतो. मागच्या सीटवर पाच वर्षांची मुलगी झोपलेली. हायवेवरून उतरणाऱ्या वळणावर काळा बर्फ होता. मी स्टिअरिंग वळवले, गाडी सरळच गेली. आणखी वळवले आणि ब्रेक दाबला, तरी ती सरळच. कठड्याच्या अलीकडे बर्फाचा ढीग होता म्हणून आम्ही त्यात रुतून थांबलो. कोणाला खरचटलेही नाही. बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही वळवली का नाहीत?"

"वळवली होती गं!" एवढेच मी म्हणू शकलो. मी इंजिनिअर माणूस, आणि वळवलेली गाडी का वळली नाही याचे उत्तर मला देता येत नव्हते. पुढे वर्षभर त्या वळणावरून जाताना माझे हात घामेजायचे.

मी गाडी शिकलो ती मुंबईत, मामांच्या फियाटवर. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इथे आमच्याकडे होती १९८८ ची होंडा सिव्हिक, दीड लिटरची. तिची पुढची चाकेच गाडी ओढतात आणि तीच वळवतात. टायरची पकड ही ठराविक पगारासारखी असते. तीतून वेगही भागवायचा, ब्रेकही आणि वळणही. एकावर उधळलीत की दुसऱ्याला काही उरत नाही. हे ज्या वर्तुळाने दाखवतात ते जर्मन इंजिनिअर वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाते. (आडनावच काम! टायरच्या कामाचा हिशेब दुसरे कोण मांडणार?) मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हा खर्च दोन घरांत वाटला जातो. आमच्या सिव्हिकमध्ये तो बराचसा एकाच घरावर पडत होता. त्या रात्री मी तिची सगळी पकड ब्रेकवर उडवली आणि वर वळणही मागितले. बर्फावर मुळात पगारच तुटपुंजा!

असे असताना पुढच्या चाकांचा हा खटाटोप केला कोणी आणि का? कल्पना जुनीच आहे. क्युन्यो या फ्रेंच अधिकाऱ्याने १७६९-७० च्या सुमारास केलेल्या वाफेच्या गाड्याचेही पुढचेच एकुलते चाक जोर लावायचे. अडचण होती सांध्याची. जे चाक डावी-उजवीकडे वळते, त्यालाच इंजिनाचा जोर झटके न देता पोचवायचा कसा? विसाच्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फनाय यांनी 'ट्रॅक्टा' सांधा बनवला आणि अमेरिकेत आल्फ्रेड झेपा यांनी पोलादी गोळ्यांचा सांधा शोधला. सित्रोएनने १९३४ मध्ये 'त्राक्सियाँ आवाँ' ही पुढच्या चाकांची गाडी मोठ्या प्रमाणावर काढली. गाडी अप्रतिम, पण त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले, ती मिशेलिनच्या ताब्यात गेली आणि पुढच्याच वर्षी आंद्रे सित्रोएन वारले.

पुढचा माणूस मला फार जवळचा वाटतो. अलेक इसिगोनिस जन्मले १९०६ मध्ये स्मर्ना इथे, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये. १९२२ च्या धुमश्चक्रीत गाव सुटले आणि आईबरोबर ते इंग्लंडला आले. इंजिनिअरिंग शिकताना गणितात तीनदा नापास झाले. त्यांनी केलेली मॉरिस मायनर आपल्या लोकांनीही पाहिली आहे, कारण हिंदुस्थान मोटर्सची 'बेबी हिंदुस्थान' म्हणजे तीच. १९५६ मध्ये सुएझचे प्रकरण पेटले, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि लेनर्ड लॉर्ड यांनी इसिगोनिसना छोटी गाडी करायला सांगितली. त्यांनी इंजिन आडवे घातले, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या तळात बसवली, चाके दहा इंचांची केली, आणि दहा फुटांच्या गाडीत चार माणसे बसवली. २६ ऑगस्ट १९५९ ला 'मिनी' बाजारात आली. चाळीत संसार थाटणाऱ्यालाच या अकलेचे खरे मोल कळेल.

गंमत म्हणजे या काटकसरीच्या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही ती पहिली आली होती, पण दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केले. तिच्याआधी, १९६२ आणि १९६३ मध्ये, स्वीडनच्या एरिक कार्लसनने साब गाडीत हीच रॅली मारली होती. तीही पुढच्या चाकांचीच. या उत्तरेकडच्या मंडळींची युक्ती अशी, की उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक हलका दाबायचा. पुढची चाके इंजिनाच्या जोराने फिरत राहतात, मागची मंदावून सैल होतात आणि गाडीची शेपटी आपणहून वळते. हे वाचून मी आमच्या ड्राइव्हवेत प्रयोग केला. क्लच दाबायची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर असा काही आदळला, की समोरचे शेजारी घरातून बाहेर आले.

भारतात ही चाके घरोघर पोचवली ती डिसेंबर १९८३ पासून मारुतीने. १९८६ मध्ये पुण्यात मेहुण्यांची मारुती मी स्वतः चालवली होती, पण जोर कुठल्या चाकांना आहे हे माझ्या गावीही नव्हते.

आता मैदानाविषयी. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची स्थापना १९४४ ची. १९४८ पासून वॉटकिन्स ग्लेनला गावातल्या रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या. १९५२ मध्ये तिथे प्रेक्षकांतला एक लहान मुलगा दगावला. शर्यती गावाबाहेर गेल्या. जनरल कर्टिस लीमे यांच्या परवानगीने १९५४ पर्यंत काही शर्यती हवाईदलाच्या तळांवरही झाल्या. ऑटोक्रॉस हे या सगळ्याचे गरीब भावंड. एका वेळी एकच गाडी, तीही घड्याळाशी झुंजणारी, आणि आपटायला फक्त रबरी शंकू. शंकू पडला की दोन सेकंद दंड. तुमची पाळी नसेल तेव्हा उन्हात उभे राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलायचे. ही प्रथा मला फार आवडली. गणेशोत्सवात सतरंज्या उचलल्यासारखे वाटते. याचे राष्ट्रीय सामने १९७३ पासून होतात, २००९ पासून नेब्रास्कातल्या लिंकनला.

पहिली दोन वर्षे साध्या टायरांवर काढली. साधा टायर गुरुजींसारखा असतो, चूक होण्याआधी ओरडतो. गाडी सरळ जाऊ लागली की पाय थोडा उचलायचा आणि, हे सगळ्यात अवघड, स्टिअरिंग थोडे उलटे सोडायचे. पुढचे टायर पुन्हा जमीन पकडतात. त्या जानेवारीत मी नेमके याच्या उलट केले होते.

१९९४ मध्ये एका मित्राकडून वापरलेले रेसिंग टायर घेतले. त्यांना नक्षी जवळजवळ नसते, पावसात ते पाण्यावर तरंगतात, म्हणून मैदानावर जाऊन बदलायचे. चार चाके, जॅक, हवेचा पंप आणि पाना एवढे सिव्हिकमध्ये कोंबताना पाहून बायको म्हणाली, "लोक रविवारी पोळीभाजीचे डबे घेऊन जातात!"

हे टायर ओरडत नाहीत. धरतात तोवर घट्ट धरतात, आणि सोडतात ते न सांगता. शिवाय तापल्याशिवाय धरत नाहीत. पुढची चाके ओढून, वळून, थांबवून लवकर तापतात. मागची नुसती फरपटत येतात, थंडच राहतात. त्या ऑक्टोबरमधल्या पहिल्याच फेरीत शंकूंच्या नागमोडीत मी घाबरून पाय उचलला. वजन पुढे गेले, थंड शेपटी सुटली आणि गाडी भिंगरीसारखी फिरली. पाच शंकू! शेजारी बसलेले ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पुढे घसरली तर सोडायचे, मागे घसरली तर दाबायचे. आणि नजर जायचे तिकडे." शेपटी सुटलेली असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला पायाला शिकवण्यात माझा पुढचा सगळा हंगाम गेला.

टायरच्या कडेला खडूची रेघ ओढायची, फेरी मारायची, रेघ कुठवर पुसली ते पाहून हवा भरायची. आमची गाडी वळायला नाखूश, म्हणून मागे हवा जास्त. अर्थात आता जग बदलले. २०१४ मध्ये 'स्टॉक' गट जाऊन 'स्ट्रीट' गट आला आणि बिनबदलाच्या गाड्यांना रस्त्यावरचेच टायर सक्तीचे झाले. ते चांगलेच झाले. नवशिक्याने मुक्या टायरांवर शिकू नये, असे माझे मत आहे.

मुलगी सोळा वर्षांची झाली तेव्हा, २००२ च्या वसंतात, परवाना मिळताच तिला मी त्याच मैदानावर नेले, साध्या टायरांवर. तिसऱ्या फेरीत ती माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने जलद आली. दोन शंकू पाडले होते, म्हणजे हिशेबाने चार सेकंद वाढले. घरी आईला सांगताना तिने ते चार सेकंद गाळले आणि मीही दुरुस्ती केली नाही.

२००९ च्या डिसेंबरात तिचा मिनेसोटाहून रात्री फोन आला. "बाबा, आज एक्झिटवर गाडी सरळच चालली होती."

"मग?"

"मग काय, पाय उचलला, स्टिअरिंग थोडं सोडलं. वळली." आणि ती लगेच आईशी तिळाच्या लाडवांच्या पाकाबद्दल बोलू लागली.