एकाच कॉम्प्युटरवर दोन-दोन जावा कशासाठी? बिल्ड टूल आणि सर्व्हरच्या व्हर्जनचा घोळ समजून घ्या

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाडमध्ये सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदाराला ‘महाटेंडर्स’ हे नाव सांगावं लागत नाही. रस्ता असो, पाण्याची लाईन असो की झेडपी शाळेची दुरुस्ती, ई-निविदा भरायची ती याच पोर्टलवर. एनआयसीच्या प्रणालीवर चालणाऱ्या या पोर्टलवर यूएसबी टोकनमधली डिजिटल सही लागते. ही सही ब्राउझरमधून व्हावी म्हणून अनेक वर्षं कॉम्प्युटरवर जावा असणं गरजेचं होतं.

पण नुसतं जावा असून भागत नव्हतं, चालणारं व्हर्जन हवं होतं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावा प्लगइनचा आधार पूर्ण काढला. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केलं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून तर ‘वेब स्टार्ट’ ही सोयच गेली. म्हणजे या जुन्या सोयींवर चालणाऱ्या कामांसाठी ‘अपडेट करून टाका’ हा सल्ला उलटा पडायचा. निविदेची शेवटची वेळ मात्र कोणासाठी थांबत नाही.

हाच पेच सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसमोर आणखी मोठा होऊन येतो.

रनटाइम म्हणजे नेमकं काय?

जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम थेट कॉम्प्युटरवर चालत नाही. तो आधी कंपाइल होतो आणि मग जावाच्या रनटाइमवर चालतो. कंपाइल झालेल्या प्रत्येक फाइलवर एक क्रमांक असतो. जावा ८ साठी ५२, जावा ११ साठी ५५, जावा १७ साठी ६१ आणि जावा २१ साठी ६५.

नवं रनटाइम जुनी फाइल सहसा चालवून घेतं. जुनं रनटाइम नवी फाइल उघडतच नाही. स्क्रीनवर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ दिसला की त्यातले दोन आकडे वाचायचे. ६१ आणि ५२ दिसले, तर फाइल जावा १७ साठी बनली आहे आणि चालवणारं जावा ८ आहे. निम्मा तपास तिथेच संपतो.

मग सगळीकडे नवीनच का टाकत नाहीत?

कारण ‘सहसा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. जावा ८ मार्च २०१४ मध्ये आलं आणि त्यावर बनलेली असंख्य सॉफ्टवेअर आजही चालू आहेत. जावा ११ मधून वेब स्टार्टसोबत जॅक्स-बीसारखे काही जुने भागही काढले गेले. त्यांवर अवलंबून असलेला प्रोग्रॅम नव्या जावावर अडकतो. तो बदलायचा तर वेळ, पैसा आणि चाचणी लागते.

समजा, मुरबाडच्या एखाद्या पतसंस्थेचं कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर जावा ८ वर आहे. सर्व्हरवर कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी जावा १७ टाकलं आणि संपूर्ण मशीनचं मुख्य जावा बदललं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट झाला, की काउंटरवर पावत्या बंद!

बिल्ड टूलचा यात काय संबंध?

प्रोग्रॅम कंपाइल करणं, तपासणं आणि सर्व्हरवर पाठवणं ही कामं जेनकिन्स, मेव्हन, ग्रेडल अशी टूल्स करतात. ही टूल्ससुद्धा जावावरच चालतात आणि त्यांच्या अटी वाढत जातात. जेनकिन्सने २०२२ मध्ये जावा ११ सक्तीचं केलं, २०२४ मध्ये जावा १७. ग्रेडल ९ चालवायलाही किमान जावा १७ लागतं.

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. ‘जेनकिन्सला १७ हवं, म्हणजे आपला प्रोग्रॅमही १७ वर न्यावा लागणार.’ तसं नाही. टूल ज्यावर चालतं ते जावा वेगळं, टूल ज्याने प्रोग्रॅम कंपाइल करतं ते वेगळं आणि सर्व्हरवर प्रोग्रॅम ज्यावर चालतो ते तिसरं. तिन्ही एकच असावीत असा नियम नाही.

वेगवेगळी व्हर्जन कशी सांभाळायची?

पहिला नियम म्हणजे संपूर्ण मशीनचं मुख्य जावा बदलू नका. प्रत्येक व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ज्याला जे हवं त्याचा पत्ता त्यालाच द्या.

- जेनकिन्स: स्वतः जेनकिन्स त्याला लागणाऱ्या जावावर चालू द्या. ‘टूल्स’ या पानावर जावा ८ चा वेगळा पत्ता नोंदवा आणि जॉबमध्ये तो निवडा. मात्र ‘मेव्हन प्रोजेक्ट’ हा खास जॉबप्रकार वापरत असाल, तर तिथे जेनकिन्सपेक्षा जुनं जावा चालत नाही. त्याऐवजी फ्रीस्टाइल किंवा पाइपलाइन जॉब घ्या.
- मेव्हन आणि ग्रेडल: दोन्हींत ‘टूलचेन’ ही सोय आहे. टूल एका जावावर चालतं आणि कंपाइल दुसऱ्याने करतं.
- टॉमकॅट: लिनक्सवर त्याच्या बिन फोल्डरमधल्या ‘सेटएन्व्ह’ फाइलमध्ये जावाचा पत्ता देता येतो. विंडोजवर तो सर्व्हिस म्हणून चालत असेल, तर जावाचा पत्ता सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये साठवलेला असतो. ‘जावा होम’ बदलूनही काही फरक पडत नाही, त्याचं कारण हेच.
- डेव्हलपरचा लॅपटॉप: ‘एसडीकेमॅन’सारखं टूल अनेक जावा शेजारी-शेजारी ठेवतं आणि हवं ते निवडू देतं.

पायथनमध्ये हेच काम ‘व्हेन्व्ह’ करतं, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टची लायब्ररी वेगळी ठेवतं. नोडसाठी ‘एनव्हीएम’ आहे. लिनक्समध्ये तर सिस्टिमची स्वतःची कामंही पायथनवर चालतात. त्यामुळे सिस्टिमचं पायथन काढून टाकणं किंवा बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारणं.

लक्षात न येणारी चूक कोणती?

जावा १७ च्या कंपाइलरला ‘८ साठी फाइल बनव’ असं सांगता येतं. पण जुन्या पद्धतीने फक्त ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ ८ ठेवलं, तर प्रोग्रॅममध्ये नव्या जावातल्या सोयी नकळत वापरल्या जाऊ शकतात. कंपाइल व्यवस्थित होतं, बंद पडतं ते थेट सर्व्हरवर. जावा ९ पासून आलेला ‘रिलीज’ हा पर्याय वापरला, तर ही चूक कंपाइल होतानाच पकडली जाते.

जुनं व्हर्जन कायम ठेवलं तर?

ठेवता येतं, पण फुकट नाही. सुरक्षेचे अपडेट येणं थांबलेलं रनटाइम इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर ठेवणं धोक्याचं आहे. जावा ८ चालू ठेवायचं असेल, तर अजून अपडेट मिळणारी आवृत्ती वापरा आणि ती नियमित अपडेट करा. वेगळी व्हर्जन ठेवल्याने बदलासाठी वेळ मिळतो, बदल टळत नाही.

म्हणून प्रत्येक सर्व्हरसाठी एक छोटी नोंद ठेवा: कोणतं टूल, कोणतं सॉफ्टवेअर, प्रत्येकाचं व्हर्जन कोणतं आणि ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे. अपडेटचं बटण दाबण्याआधी ही नोंद एकदा पाहिली, तरी काउंटर बंद पडण्याची वेळ बऱ्याचदा टळते.