आपल्या मुलुखातील वासराची पारख

मंडळाच्या तरुण सभासदांपैकी काहींनी येत्या मोसमात पशुप्रदर्शनासाठी एकेक वासरू सांभाळण्याचा संकल्प केला आहे, आणि ‘गुरुजी, वासरू कोणते निवडावे?’ असा प्रश्न घेऊन दोघे-तिघे माझ्याकडे येऊन गेले. मी पशुवैद्य नव्हे. माझे आयुष्य खडू-फळ्याशी गेले. तथापि हा प्रश्न फार जुना असून त्याचा इतिहास आपल्या मुलुखाशी निगडित आहे, म्हणून ज्ञातिबांधवांपुढे चार गोष्टी मांडीत आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्ष नामक अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. वासरू जन्मल्यावर महिन्या-दोन महिन्यांत त्यास खूण करून नोंदवावे, आणि खोंडांची वत्स, वत्सतर, दम्य अशी वयपरत्वे वर्गवारी ठेवावी, असा त्यात दंडक आहे. आपल्या बाजारातील आदत, दुसा, चौसा, जुळलेला ही दातांवरची प्रतवारी त्याच जातीची म्हणावयाची. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गाईबैलांच्या लक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय योजिला. पाणावलेल्या, मळकट डोळ्यांची गाय त्याने अशुभ ठरविली. आजचा पशुवैद्यही अशा जनावरापासून सावध राहा असेच सांगेल. मात्र अशुभ म्हणून नव्हे, आजाराच्या शंकेने. परंतु भोवरे आणि गोम पाहून वासरू नाकारण्याची आपल्याकडील चाल मला निरर्थक वाटते. अंगावरचा केस कोणीकडे वळला आहे, यावरून ना दूध वाढते ना ओढ. कित्येक उत्तम गोऱ्हे एवढ्याच कारणाने पडत्या किमतीत गेले आहेत.

आता आपल्या भागातील जातीविषयी. देवणी गाव आज लातूर जिल्ह्यात असल्यामुळे नव्या पिढीस देवणी गाय परकी वाटते. वस्तुतः निजामी अमदानीत बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यास जोडले गेले, आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत देवणीचा मुलुख आपलाच होता. सरहद्दी कागदावर बदलल्या. उमरगा-लोहाऱ्याकडच्या गोठ्यातील गाईस त्याचा पत्ताही नाही.

गीर, डांगी आणि स्थानिक गाई यांच्या संकरातून ही जात घडली, असे जाणकार मानतात. रुंद व किंचित पुढे आलेले कपाळ, खाली लोंबणारे लांब कान, भरदार पोळी ही तिची ओळख. रंगावरून तिचे तीन प्रकार मानतात : सर्वांगी पांढरी ती बालंक्या, अंगाने पांढरी पण तोंडावर काळी ती वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली ती शेवेरा. काळ्या जमिनीत नांगर ओढणारा बैल आणि घरापुरते दूध देणारी गाय, असा दुहेरी उपयोग. एका वेतास सुमारे आठ-नऊशे लिटर दूध, म्हणजे संकरित गाईपुढे थोडेच. आणि नेमकी तेथेच तिची पीछेहाट झाली. 1970 पासून दुधाचा महापूर आला, परदेशी वळूंचे रेतन खेडोपाडी पोहोचले, मागून ट्रॅक्टर आला, आणि देवणी गोऱ्ह्यास दावणीला जागा उरली नाही. आज कित्येक गावांत गाय जातिवंत आहे, परंतु तिला फळवावयास जातिवंत वळू नाही. म्हणून मुलांनी केवळ कालवडींकडे न पाहता एखादा तरी गोऱ्हा सांभाळावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मुलांनी वासरे वाढविण्याची कल्पना इतरत्रही रुजली. अमेरिकेच्या ओहायो प्रांतात 1902 साली मुलांचे शेतीविषयक मंडळ निघाले, त्यातूनच फोर-एच ही चळवळ वाढली. इंग्लंडात डेव्हन परगण्यातील हेमिऑक या गावी 1921 साली पहिले तरुण शेतकरी मंडळ स्थापन झाले, ते वासरे सांभाळण्यासाठीच. फोर-एचमध्ये मूल खर्चाचा व कामाचा हिशेब वहीत लिहिते. ही गोष्ट आपण अवश्य उचलावी. आपल्याकडे प्रदर्शनांना तोटा नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील पशुप्रदर्शनात देवणी आणि लालकंधारी यांचा मान मोठा असतो. हाळी-हंडरगुळीचा बाजार तर पारख शिकण्याची शाळाच आहे. तेथे पहिल्या खेपेस पैसे घरी ठेवून जावे.

बक्षिसाच्या मोहाने मुले गुबगुबीत वासरू निवडतात. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. कडबा संपत आला, आणि दोन कालवडींपैकी एकच ठेवणे शक्य होते. एक तुकतुकीत, दुसरी बरगड्या दिसणारी. मी तुकतुकीत कालवडीच्या गळ्याला मिठी मारून बसलो. आजोबांनी तीच विकली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पुढे त्यांनीच उलगडा केला : तिच्या आईला दूध बेताचे, म्हणून तिची धार कोणी काढीत नसे आणि सारे दूध वासराच्या पोटात जाई. दुसरीची आई तांब्या भरून दूध देई, ते आम्ही पोरे पीत होतो. वासराच्या वाट्याला उरलासुरला घोट. ‘ती कालवड तुम्ही वाळवलीत,’ आजोबा म्हणाले. ती पुढे आठ वेत व्याली.

तेव्हा मुलांनी वासरू पाहण्यापूर्वी त्याच्या आईची कास व सड पाहावेत, जमल्यास आजीची चौकशी करावी. मग वासराची पाठ सरळ आहे का, पाय चालताना एकमेकांस घासतात का, खूर काळे व घट्ट आहेत का, हे पाहावे. सुटलेले पोट म्हणजे पुष्टी नव्हे, पुष्कळदा ते जंतांचे लक्षण असते. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पोटभर मिळाला होता की नाही, हे मालकास विचारावे. तो चुकला असेल तर रोगांशी झुंजण्याची ताकद वासरात कमी राहते. निदान पाच-सहा महिने आधी वासरू घरी आणावे, रोज खरारा करावा, म्होरकी घालून माणसांच्या गर्दीतून हिंडवावे. घरी शांत असलेले वासरू वाजंत्री ऐकताच रिंगणातून दावे तोडून पळालेले मी पाहिले आहे, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या त्या बिचाऱ्या मुलालाही.